रस्ता तोच, गाडी वेगळी

दोस्तांनो, जर्मनीच्या पश्चिमेला आयफेल नावाचे डोंगर आहेत. डोंगर म्हणजे आल्प्स नव्हेत, बरं का! आपल्या सह्याद्रीपुढेही ठेंगणेच. त्यातलं सगळ्यात उंच शिखर अवघं ७४७ मीटर. त्याच्या जवळच एका टेकडीवर न्युर्बुर्ग नावाचा पडका किल्ला आहे. बुरुजावर चढून पाहिलंत तर चहूकडे गर्द झाडी, मधूनच एखादं चर्चचं टोक, गुरांची कुरणं. अगदी शांत असं हे चित्र. फक्त कानावर हात ठेवायची पाळी येते! कारण त्या झाडीतून सतत आवाज येत असतो. कधी गांधीलमाश्यांच्या मोहोळासारखा, कधी लांबवर कापड फाडल्यासारखा.

हा आवाज मोटारींचा. किल्ल्याला वळसा घालून, जंगलातून, दरीत उतरून पुन्हा डोंगर चढणारा एक रस्ता इथे आहे. त्याचं नाव न्युर्बुर्गरिंग. त्याचा जो जुना, लांबलचक भाग आजही वापरात आहे त्याला म्हणतात नॉर्डश्लाइफे, म्हणजे उत्तरेकडचं वळसं. लांबी जवळजवळ २०.८ किलोमीटर, वळणं सत्तरहून जास्त, आणि सगळ्यात खालच्या व वरच्या ठिकाणांत सुमारे ३०० मीटरचा फरक! आपला वरंधा घाट घ्या, त्याची दोन्ही टोकं जोडून टाका, समोरून येणारी एस.टी. काढून टाका, म्हणजे थोडीशी कल्पना येईल.

पहिल्या महायुद्धानंतर हा भाग फार गरीब होता. लोकांच्या हाताला काम नव्हतं. म्हणून १९२५ साली हे बांधकाम काढलं आणि १९२७ च्या जून महिन्यात रस्ता खुला झाला. पहिली मोटार-शर्यत जिंकली रुडोल्फ काराच्चिओलाने. पुढे इथे मोठमोठ्या शर्यती झाल्या. १९६८ साली स्कॉटलंडच्या जॅकी स्टुअर्टने धुक्यात आणि पावसात चार मिनिटांहूनही जास्त फरकाने शर्यत जिंकली. जिंकूनही या जागेला नाव काय दिलं, तर ‘हिरवा नरक’! ते नाव आजही चिकटून आहे.

तुम्ही म्हणाल, हे शर्यतवाल्यांचं झालं, आपल्याला काय त्याचं? गंमत इथेच आहे. शर्यत नसेल त्या ठरावीक दिवशी हा रस्ता सर्वांसाठी खुला असतो. कायद्याने तो चक्क टोल भरायचा एकेरी रस्ता मानला जातो! लायसन्स असलेला कोणीही, रस्त्यावर चालवायला परवानगी असलेली गाडी घेऊन येतो, फाटकाशी पैसे भरतो, दांडी वर जाते आणि स्वारी आत. ओव्हरटेक फक्त डावीकडून करायचं, घड्याळ लावून शर्यत खेळायची नाही. लोखंडी कठड्यावर गाडी आपटलीत तर कठड्याची भरपाईही तुम्हालाच द्यावी लागते. शिवाय काही दिवस मोटारींचे क्लब अख्खा ट्रॅक भाड्याने घेतात. त्याला म्हणतात ‘ट्रॅक डे’. त्या दिवशी हेल्मेट, शिकवणारे गुरुजी, सकाळी नियमांचा तास, असा सगळा जामानिमा असतो. (असे ट्रॅक डे आपल्याकडे चेन्नईजवळच्या ट्रॅकवरही होतात.)

आता या ट्रॅकवर सगळ्यात जास्त धोक्यात कोण असतो, सांगा पाहू? नवशिक्या? नाही. तो बिचारा भीतभीतच चालवतो. धोक्यात असतो तो दहा-वीस वेळा येऊन गेलेला माणूस, जो आज पहिल्यांदाच वेगळी गाडी घेऊन आलेला आहे. त्याला रस्ता पाठ असतो. पुढे कुठे चढ, कुठे आंधळं वळण, सगळं ठाऊक. पण त्याच्या हातापायांना ठाऊक असते ती जुनी गाडी!

याचा अनुभव तुम्हीही घेतला असेल. मामाच्या गावी गेल्यावर मामेभावाची सायकल घेतली की पहिलं वळण कसं चुकल्यासारखं होतं? रस्ता ओळखीचा असतो, सायकल चालवता येत असते, तरी हँडल कुठेतरी भलतीकडेच जातं. सायकलवर फार तर गुडघा फुटतो. ताशी दीडशे किलोमीटरला काय होईल?

हे नीट समजायला आधी थोडं गाडीच्या वजनाविषयी बोलू.

एस.टी.त उभं राहून प्रवास केलाय ना? ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळे पुढे झुकतात. गाडी उजवीकडे वळली की सगळे डावीकडे कलंडतात. जे प्रवाशांचं होतं तेच गाडीचंही होतं. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो आणि मागची चाकं हलकी होतात. ॲक्सिलरेटर दाबला की उलट. आता लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की ज्या चाकावर भार जास्त त्याची रस्त्यावरची पकड जास्त. आणि ही पकड तरी कशाच्या जोरावर? एक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तुमच्या वहीच्या अर्ध्या पानाएवढा. असे चार तुकडे, त्यांच्यावर हजार-दीड हजार किलोची गाडी!

समजा, प्रत्येक टायरच्या खिशात एक रुपया आहे. त्यातले बारा आणे ब्रेकवर खर्च केले, तर वळण्यासाठी चारच आणे उरतात. सोळा आणे ब्रेकवर घातले की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर सरळ! प्रत्यक्षातला हिशोब इतका सोपा नसतो, पण ट्रॅकवरचे गुरुजीसुद्धा याच धर्तीवर समजावतात.

आता इंजिन कुठे बसवलंय त्याने सगळं बदलतं. बैलगाडी आठवा. पुढे जास्त ओझं लादलं तर गाडी धुरजड होते, बैलांच्या मानेवर भार येतो. मागे जास्त झालं तर उलार होते, जू वर उचललं जातं. मोटारींतही धुरजड आणि उलार अशा दोन जाती आहेत म्हणा ना! फोक्सवागन गोल्फ ही धुरजड. तिचं इंजिनही पुढे आणि इंजिनाची ताकदही पुढच्याच चाकांना. आपल्या ओळखीची सुझुकी स्विफ्टही त्यातलीच. आणि उलार म्हणजे पोर्शे ९११. १९६३ साली ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून आजतागायत तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. निम्म्याहून बरंच जास्त वजन, साधारण साठ टक्के, मागच्या बाजूला.

बरं, आपला एक मनातला ड्रायव्हर घेऊ. तो दहा वर्षं गोल्फ चालवत आलाय. वळणावर वेग थोडा जास्त झाला तर गोल्फचं नाक बाहेरच्या बाजूला सरकू लागतं. त्यावर उपाय सोपा. ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद काढायचा. भार पुढे येतो, पुढच्या चाकांना पकड मिळते, नाक पुन्हा आत वळतं. दहा वर्षांत त्याचा पाय हे इतकं शिकलाय, की डोक्याला विचारायलाही थांबत नाही. घाबरलास, पाय काढ!

आज तो पोर्शे घेऊन आला. वळणावर वेग जरा जास्त झाला. छातीत धस्स झालं. पायाने आपलं नेहमीचं काम केलं. भार पुढे गेला, मागची चाकं हलकी झाली. पण जड इंजिन तर मागेच आहे! दोरीला बांधलेल्या दगडासारखं ते बाहेर झेपावतं आणि पुढच्या क्षणी गाडीचं तोंड आलेल्या वाटेकडे! ज्या सवयीने दहा वर्षं वाचवलं, तिनेच घात केला. हल्लीच्या गाड्यांत चाकांना आपोआप ब्रेक लावून गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. ती बरेचदा वाचवते. पण टायरच्या खिशात रुपया एकच असतो, यंत्रणा काही सव्वा रुपया करून देत नाही.

म्हणून पोर्शेवाल्याने करायचं काय? ब्रेक मारायचा तो वळणाआधी, गाडी सरळ असताना. मग पाय एकदम न उचलता ब्रेक हळूहळू सोडत आत वळायचं, म्हणजे हलक्या नाकावर थोडा भार राहतो. आणि एकदा गाडी वळली की ॲक्सिलरेटर हलकेच, पण लवकर, दाबायचा. मग तेच मागचं वजन चाकांना रस्त्यावर दाबून धरतं आणि गाडी वळणातून अशी सुटते की धुरजड गाडीवाल्याने बघतच राहावं. तुमचा पाय हवा तसा वागला, तर उलार गाडीसारखी मजा नाही, असं तिचे भक्त म्हणतात.

तिसरीही एक जात आहे. इंजिन मधोमध, ड्रायव्हरच्या पाठीशी. १९९६ साली आलेली छोटीशी लोटस एलिझ तशी होती. ती कशी वागते ते कळायला कावड आठवा. दोन टोकांना दोन भरलेले हंडे असले की कावड घेऊन चटकन वळता येत नाही, आणि एकदा वळू लागलो की थांबवतानाही जड जातं. तेच हंडे मधोमध, खांद्याजवळ टांगले तर गर्रकन वळता येतं. मधल्या इंजिनाची गाडी तशीच, विचार केला की वळते. पण घसरली तरी तितक्याच चटकन घसरते! सावरायला वेळ कमी. आळशी गाडीची सवय झालेला माणूस तिच्यावर स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवतो आणि मग भोवऱ्यासारखा फिरतो.

चला, आता हे सगळं डोक्यात ठेवून ट्रॅकवर फिरू.

पहिले चार-पाच किलोमीटर झाडीतली नागमोडी वळणं, मग येतं फ्लुगप्लाट्स. अर्थ विमानतळ. जवळच ग्लायडर उडवायचं छोटं मैदान होतं. पण इथे मोटारीही उडू पाहतात! रस्ता टेकाडावर चढतो आणि पलीकडे एकदम खाली जातो, त्यामुळे माथ्यावर गाडी हलकी होते. हलकी गाडी म्हणजे पकड नाही, पकड नाही म्हणजे स्टिअरिंग नाही. ही नुसती भीती नाही. २०१५ साली एका शर्यतीत इथेच एक गाडी नाक वर करून उडाली, कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. म्हणून नवी गाडी घेऊन आलेल्याने इथे आधीच वेग कमी करावा आणि माथा ओलांडताना स्टिअरिंग सरळ धरावं.

पुढे फुक्सरोरे, म्हणजे कोल्ह्याची नळी. बांधकामाच्या वेळी एक कोल्हा पाण्याच्या नळीत शिरला म्हणून हे नाव, असं सांगतात. घसरगुंडीसारखा उतार, तळाशी गाडी रस्त्यात रुतल्यासारखी दाबली जाते आणि लगेच चढ. चढावर वेग मरतो असं वाटतं. तेवढ्यात आडेनाउअर फोर्स्ट! आधी डावं, मग उजवं, दोन्ही अरुंद आणि अगदी शेवटपर्यंत न दिसणारी. इथे किती जण सरळ गवतात जातात याला गणतीच नाही. प्रेक्षक मुद्दाम तेच पाहायला इथे उभे असतात. मला विचाराल तर हा जरा दुष्टपणाच.

दरीत उतरून ब्राइडशाइडच्या पुलावरून पुन्हा चढाला लागलं की बेर्गवेर्कच्या अलीकडे एक डावं वळण लागतं. १ ऑगस्ट १९७६ रोजी इथे जगज्जेता निकी लाउडा याची फेरारी कठड्यावर आदळली आणि पेटली. मदतीची गाडी पोचेपर्यंत वीस किलोमीटरच्या ट्रॅकवर कितीतरी वेळ जाणार! त्याला आगीतून ओढून काढलं ते मागून आलेल्या दुसऱ्या ड्रायव्हरांनी, आपापल्या गाड्या थांबवून. आदल्याच वर्षी या ट्रॅकवर सात मिनिटांच्या आत फेरी मारणारा पहिला माणूस हाच लाउडा. रस्ता त्याच्याइतका कोणाला पाठ होता? सहा आठवड्यांनी तो भाजलेल्या चेहऱ्याने इटलीतल्या मॉन्झाच्या शर्यतीत उतरला आणि चौथा आला. पण फॉर्म्युला वनच्या गाड्या नॉर्डश्लाइफेवर शर्यतीसाठी पुन्हा कधी आल्या नाहीत. त्यांच्यासाठी शेजारी नवा, छोटा ट्रॅक बांधला.

त्या नव्या ट्रॅकच्या उद्‌घाटनाची गोष्ट आपल्या विषयाला अगदी साजेशी आहे. मे १९८४ मध्ये तिथे मोठमोठ्या ड्रायव्हरांची एक मजेदार शर्यत झाली. सगळ्यांना एकसारख्या गाड्या, आणि त्याही साध्या चार दारांच्या मर्सिडीज १९० जातीच्या! ज्यांचं आयुष्य शर्यतीच्या गाड्यांत गेलं त्यांना दिली घरगुती गाडी. जिंकलं कोण? नुकताच फॉर्म्युला वनमध्ये आलेला चोवीस वर्षांचा आयर्टन सेना. दुसरा आला लाउडा.

पण गाडीशी जुळवून घेण्याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट त्याहून जुनी आहे. १९३४ पासून जर्मनीच्या आउटो युनियन कंपनीने एक विचित्र शर्यतीची गाडी उतरवली. आराखडा फर्डिनांड पोर्शे यांचा. त्या काळी सगळ्यांची इंजिनं पुढे, हिचं मात्र ड्रायव्हरच्या पाठीमागे. सोळा सिलिंडरचं! ड्रायव्हर बसायचा पार पुढे. त्यामुळे मागचा भाग घसरू लागला की त्याला ते उशिरा कळायचं. पुढच्या इंजिनावर वाढलेले भलेभले ड्रायव्हर हिच्यापुढे हात टेकायचे. मग आला बेर्न्ड रोझेमायर. तो मोटारसायकलच्या शर्यतींतला. शर्यतीची मोटार त्याने आधी चालवलेलीच नव्हती! म्हणजे विसरावं लागेल असं त्याच्या हातापायांत काही नव्हतंच. १९३५ साली, मोटारीतल्या दुसऱ्याच शर्यतीत, त्याने याच न्युर्बुर्गरिंगवर काराच्चिओलासारख्या उस्तादाला शेवटपर्यंत घाम फोडला. पुढच्या वर्षी इथेच दाट धुक्यात, जिथे बाकीच्यांना समोरचं दिसत नव्हतं, तो सुसाट निघून गेला आणि जिंकला. लोक त्याला ‘धुक्याचा उस्ताद’ म्हणू लागले. जानेवारी १९३८ मध्ये वेगाचा विक्रम करताना महामार्गावर त्याला मृत्यू आला. तेव्हा वय होतं अवघं अठ्ठावीस.

त्याच्या जागी आला इटलीचा ताझिओ नुवोलारी. पंचेचाळिशीचा, जन्मभर पुढच्या इंजिनाच्या गाड्या हाकलेला. सवयी मोडायला हे वय अवघडच. तरी त्याने त्याच वर्षी आउटो युनियनच्याच, पाठीमागे इंजिन असलेल्या गाडीतून इटलीची आणि इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनची, अशा दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. म्हणजे शिकलेलं विसरून पुन्हा शिकता येतं, मात्र त्यासाठी काही शर्यती हरण्याची तयारी लागते.

आणि साबिने श्मित्स? तिला विसरून कसं चालेल! ती आडेनाऊमध्ये जन्मली, ट्रॅकच्या कुशीतल्या न्युर्बुर्ग गावात वाढली. चोवीस तासांची इथली शर्यत जिंकणारी ती पहिली स्त्री. तीही एकदा नव्हे, दोनदा, १९९६ आणि १९९७ मध्ये. पर्यटकांना बी.एम.डब्ल्यू.च्या वेगवान गाडीत बसवून ती ट्रॅकवर फिरवायची. २००५ साली बी.बी.सी.च्या मोटारींवरच्या कार्यक्रमासाठी तिने काय चालवावं? सामान वाहणारी डिझेलची फोर्ड ट्रान्झिट व्हॅन! उंच, जड, कलंडणारी. नको ते सामान उतरवून ती निघाली. वाटेत कितीतरी स्पोर्ट्स गाड्या मागे टाकल्या आणि फेरी पूर्ण केली १० मिनिटं ८ सेकंदांत. २०१८ साली एका खास पोर्शेने इथे ५ मिनिटं १९ सेकंदांचा विक्रम केला. तरी मला त्या विक्रमापेक्षा व्हॅनच्या फेरीचं कौतुक जास्त वाटतं. २०२१ साली साबिने गेली.

तर आता कोणी पाहुणा तिथे आला, भाड्याची गाडी घेतली (ट्रॅकसाठी सजवलेली स्विफ्टसुद्धा तिथे भाड्याने मिळत आली आहे!), तर जाणती माणसं त्याला काय करायला लावतात? पहिली फेरी अगदी सावकाश. टायर थंड असतात, थंड टायर पकड देत नाहीत. आपल्या भारतातून गेलेल्याला तर स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. म्हणजे वळणाचा अंदाजच बदलतो. मग मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून ब्रेक दाबून पाहायचा, किती दाबल्यावर किती थांबते ते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत नेहमीपेक्षा बराच आधी ब्रेक. एका फेरीत एकच गोष्ट बदलायची. दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर येऊन टायरमधली हवा बघायची, कारण तापल्यावर दाब वाढतो आणि गाडी पुन्हा वेगळी वागू लागते. शेजारी गुरुजी बसवले तर फारच उत्तम.

काही मुलं म्हणतील, आम्हाला अख्खा ट्रॅक पाठ आहे! असेलही. २००४ सालच्या ‘ग्रान तुरिस्मो ४’ या व्हिडिओ गेममध्ये नॉर्डश्लाइफे होताच, आणि नंतरही कितीतरी गेममध्ये आला. तिथे फिरून आलेल्यांना प्रत्यक्षात वळणं खरोखर ओळखू येतात. पण गाडीचा मागचा भाग सुटतोय हे आधी कळतं ते डोळ्यांना नव्हे, बसल्या जागी कमरेला. घरच्या खुर्चीत ते कसं कळणार?

कधी तिकडे जाणं झालंच, तर लायसन्स नसलं तरी बिघडत नाही. ब्रुनशेन नावाच्या वळणापाशी गाडी लावायला जागा आहे. सर्वांसाठी खुल्या दिवशी तिथे फुकट उभं राहता येतं. घरून खाऊ न्या, छत्री तर न्याच, कारण ट्रॅकच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस हे तिथे नेहमीचंच. कठड्यापासून दूर, कुंपणाच्या अलीकडे उभे राहा. चेहरे पाहू नका, पुढची चाकं पाहा. चाकं खूप वळलेली आणि गाडी तरी सरळ चाललेली दिसली, तर ती धुरजड. चाकं वळणाच्या उलट दिशेला फिरवलेली दिसली, तर मागचा भाग सुटलाय आणि ड्रायव्हर तो सावरतोय. आणि एखादी पोर्शे वळणाच्या मधोमध आली असताना तिचे लाल दिवे लागले, तर श्वास रोखून पाहा. बहुधा तो माणूस कालपर्यंत गोल्फ चालवत असणार.